सरदारची चाल आणि तिसरी किक

थाप मारायची तर माणसानं दिवस बघून मारावी. मी मारली ती नेमकी क्षमावाणीच्या दिवशी. दशलक्षण पर्व संपलं की आम्हा जैनांत एकमेकांच्या घरी जाऊन, हात जोडून, वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागायची असते, तो हा दिवस. मी सकाळी नऊ वाजता सासऱ्यांची क्षमा मागितली आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनाच थाप मारली. मधली दहा मिनिटं मी अगदी निर्मळ होतो.

सासरे म्हणजे श्रीपालमामा. कुरुंदवाडला त्यांचा ऊस आहे, केळी आहेत, बारा म्हशी आहेत आणि एक जीप आहे, जी ते वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी स्वतः चालवतात. यातलं 'स्वतः चालवतात' हे माझ्याकडं बघून म्हटलं जातं, कारण मला काहीच चालवता येत नाही. दुचाकीच्या लायसनच्या परीक्षेत मी तीन वेळा नापास झालोय. त्यात आठाचा आकडा काढायचा असतो. माझा आठ पहिल्या वेळी निम्माच झाला, दुसऱ्या वेळी आडवा झाला, आणि तिसऱ्या वेळी मी थेट साहेबांच्या टेबलाखाली गेलो. (साहेबांनी पाय वेळेवर वर घेतले. हुशार गृहस्थ होते.) लग्न ठरताना मामांनी एकच प्रश्न विचारलेला, "पोराकडं गाडी हाय का?" आमच्या वडिलांनी "घेणार की, घेणार" म्हणून वेळ मारून नेली. त्याला सोळा वर्षं झाली. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक क्लार्क आहे आणि रोज कचेरीला जातो तो बायकोच्या स्कूटीवर, मागच्या सीटवर, डबा मांडीवर घेऊन.

तर मामा आले, क्षमा झाली, पोहे झाले, आणि त्यांची नजर सोफ्यावर गेली. सोफ्यावर सरदार झोपला होता.

सरदार हा आमचा कुत्रा, कारवानी जातीचा. कारवानी कुत्रा ज्यांनी बघितलाय त्यांना ठाऊक आहे, त्याच्या बरगड्या लांबून मोजता येतात, पोट पाठीला लागलेलं असतं आणि चेहरा असा की उपास सोडायचा राहून गेलाय. ही त्याची जातच आहे. खायला म्हणाल तर दोन भाकरी आणि लिटरभर दूध रोज, वर भाग्यश्री (माझी बायको, मामांची लेक) "मी काय बी घातलं न्हाई" म्हणत तूप लावलेली चपाती सरकवते ती वेगळीच. पण हे जातं कुठं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पावणं, ह्याला खायाला घालत न्हाई व्हय?"

"घालतो की, मामा."

"मग दिसत का न्हाई?"

"त्याची जातच तशी आहे."

"आमच्या मळ्यावरचं कुत्रं बगा जावा, कसं गरगरीत हाय. मुक्या जिवाचे असले हाल, ते बी आजच्या दिवशी, मला बगवत न्हाईत. भाग्यश्री, ह्याला मी कुरुंदवाडला नेतो. दूध पिऊन महिन्यात बैल हुतंय."

खरं सांगतो, या घरात माझं ऐकणारा सरदार हा एकच. ऐकतो म्हणजे सांगितलेलं करतो असं नाही, पण मी बोलत असताना उठून जात नाही. कचेरीतनं आलो की साहेबांना जे बोलता येत नाही ते मी सरदारला बोलतो आणि तो मान वाकडी करून सगळं ऐकून घेतो. एकदा तर बढती हुकली त्या दिवशी त्यानं माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि अर्धा तास काढली नाही. आता हा कुरुंदवाडला गेला तर संध्याकाळी मी बोलायचं कुणाशी?

मी भाग्यश्रीकडं बघितलं. ती म्हणाली, "आप्पा म्हणतात ते काय खोटं न्हाई. सोफा तरी मोकळा हुईल." पण हे म्हणताना ती ओढणीला हात पुसत होती, आणि हात तर कोरडेच होते.

आणि मी बोलून गेलो, "मामा, तो शोचा कुत्रा आहे. त्याला असंच बारीक ठेवावं लागतं. पुढच्या महिन्यात डॉग शोमध्ये उतरवतोय त्याला."

"शो म्हंजे?"

"प्रदर्शन. रिंगणात चालवून दाखवायचा. परीक्षक त्याची चाल बघतात."

"हे चालतंय?"

सगळ्यांनी सरदारकडं बघितलं. सरदारनं एक डोळा उघडला, आमच्याकडं बघितलं आणि परत मिटला.

मामा उठले. "मग ठरलं. मी येतो बगायला. नंबर आला, कुठला बी येऊ दे, तर कुत्रं तुमचं. न्हाई आला तर तिथनंच जीपमध्ये घालतो." चपला घालता घालता दारातनं म्हणाले, "दोर मी आणतो."

आता डॉग शो खरंच होता हे माझं नशीब. (मी थापही धड मारू शकत नाही, ती खरी निघते.) ऑक्टोबरात, कसबा बावड्याच्या बाजूला, एका मैदानावर. मी फॉर्म भरून टाकला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघायला बसलो. त्यातनं कळलं की कुत्र्यानं नुसतं चालायचं नाही आणि सुसाट पळायचंही नाही. दुडकी चाल पाहिजे. मान वर, पाठ सपाट, मालकाच्या डाव्या अंगाला, दोरी ढिली. आणि मालकानं त्याच्या बरोबरीनं पळायचं. व्हिडिओतली बाई इतकी सुरेख पळत होती की भाग्यश्रीनं दोनदा येऊन विचारलं, "कुत्रं बगताय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी सरदारला घेऊन पंचगंगेच्या रस्त्याला गेलो. बूट, टोपी, गळ्यात शिट्टी. "चल सरदार" म्हणून पळायला सुरुवात केली. चौथ्या पावलाला दोरी ताठ झाली आणि मी होतो तिथंच पळत राहिलो. मागं बघितलं तर सरदार बसलेला. मला वाटलं, दोरीचा राग येत असेल. दोरी सोडली आणि एकट्यानं पळून दाखवलं, म्हणजे बघून तरी शिकेल. घाटापर्यंत जाऊन परत आलो तर तो माझ्या टोपीवर डोकं ठेवून झोपला होता. (टोपी वाटेत पडली होती. आणून दिली असती तर निदान काहीतरी शिकला म्हटलं असतं.)

असे आठ दिवस गेले. माझा पट्टा एक भोक आत गेला. सरदारचं वजन वाढलं. रविवारी मामांचा फोन आला, "काय म्हणतंय कुत्रं? दोर घेतला बगा. नवा."

नवव्या दिवशी आकाराम गवळी आडवा आला. आमच्या मागच्या गल्लीत त्याचा गोठा आहे, दूध आमच्याकडं त्याचंच. आणि त्याची चंद्री म्हैस म्हणजे सगळ्या पेठेची शान. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, पायांत घुंगरं बांधायची, आणि मालक मोटरसायकलवर पुढं, म्हैस मागनं. दोरी नाही, काठी नाही. नुसत्या गाडीच्या आवाजामागं म्हैस पळत येते. त्यासाठी गाडीचा सायलेन्सर काढून ठेवतात, म्हणजे आपला मालक कुठला ते म्हशीला ओळखू येतं. शेजारच्या तीन पेठांनाही येतं. दिवाळीला महिनाभर उरला होता आणि आकाराम रोज सकाळी चंद्रीची तालीम घेत होता.

त्यानं गाडी थांबवली. मागं चंद्री थांबली. दोघांनी मला बघितलं.

"सायेब, रोज बगतोय. तुमी पळताय आन कुत्रं बसतंय. आवो, उलटं चाललंय की."

मी त्याला सगळं सांगितलं. सासरे, दोर, जीप, सगळं. आकारामनं गाडीवरनं उतरून सरदारच्या पाठीवर हात फिरवला.

"एवढंच व्हय? एवढी म्हस पळतीया, आन हे टीचभर कुत्रं पळणार न्हाई? आवाजाची चटक लावाय लागती, सायेब. गाडी चालू झाली की पेंड. गाडी न्हाई, पेंड न्हाई. चंद्रीला बारकी हुती तवापास्नं लावलीया. ह्याला काय आवडतंय?"

"दूध-भाकरी."

"मग आजपास्नं गाडी चालू झाल्याबिगर दूध-भाकरी न्हाई. वैनींस्नी सांगा."

आता आकारामच्या गाडीबद्दल सांगायला पाहिजे. ती पहिल्या किकला कधीच सुरू होत नाही. दुसऱ्यालाही नाही. खर्रक, खर्रक, आणि तिसऱ्याला धडाड धडाड धडाड. वळण आलं की आकाराम दोनदा हॉर्न मारतो, रस्ता रिकामा असला तरी. आणि थांबताना गाडी एक बार काढते, फाट्. हे सगळं सरदार चार दिवसांत शिकला. तिसऱ्या किकला उठायचा. हॉर्नला वळायचा. बार झाला की चारी पाय रोवून, मान वर करून, दगडात घडवल्यासारखा उभा, दूध-भाकरीची वाट बघत.

आणि चाल. काय सांगू तुम्हाला. आकाराम गाडी चालवायचा, मी मागच्या सीटवर (तिथला मला सोळा वर्षांचा अनुभव आहे) डाव्या हातात ढिली दोरी धरून बसायचो आणि डावीकडनं सरदार यायचा. त्याच्या पाठीवर दुधाचा पेला ठेवला असता तर थेंब सांडला नसता. आठ दिवसांपूर्वी टोपीवर झोपणारा हाच का, असं वाटायचं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. थोडं धुरामुळं, पण बाकीचं खरं.

तीन आठवडे अशी तालीम झाली. आम्ही तिघं ती रोज बघत होतो, मी, आकाराम आणि भाग्यश्री. तिघंही जाणती माणसं. तुमच्या एव्हाना जे लक्षात आलं असेल ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आदल्या दिवशी मी फक्त एवढंच विचारलं होतं, "मागच्या सीटवर कुठला शर्ट चांगला दिसेल?" आणि भाग्यश्री म्हणाली होती, "निळा."

शोच्या दिवशी निळा शर्ट घालून मी मैदानावर पोचलो. पुढं आकाराम, मागं मी, डावीकडं सरदार आणि पाठीमागनं तालमीची घुंगरं बांधलेली चंद्री. चंद्रीला आणायचं ठरलं नव्हतं, पण गाडी सुरू झाली की तिला थांबवणं आकारामच्याही हातात नव्हतं. सगळ्यात मागनं भाग्यश्री स्कूटीवर. गेटवर संयोगिता नावाचा बिल्ला लावलेली एक मुलगी हातात कागद घेऊन उभी होती.

"सर, गाडी पार्किंगला लावा."

"ही गाडी रिंगणात लागणार आहे."

"कशाला?"

"कुत्रा हिच्या बरोबर चालतो."

तिनं कागद बघितला, मला बघितलं, म्हशीला बघितलं. "सर, वाहन आत न्हाई नेता येत. हँडलरनं पळायचं असतंय."

"हँडलर कोण?"

"तुम्हीच की. फॉर्मवर तुमचंच नाव हाय."

मी आकारामकडं बघितलं. आकारामनं भाग्यश्रीकडं बघितलं. भाग्यश्री म्हणाली, "अगं बाई." आकारामनं गाडी पार्किंगला लावली, चंद्रीला बाहेर लिंबाच्या झाडाला बांधली आणि कुंपणाला येऊन उभा राहिला.

मामा पहिल्या रांगेत बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि मांडीवर पिवळाधमक नवा दोर, नीट गुंडाळी करून. मला बघून त्यांनी हात वर केला. प्रेमानंच केला, पण दोराच्या हातानं केला.

कारवानीत पाच कुत्री होती. आमचा नंबर तीन. दोन नंबरला आजऱ्याचा धैर्यशील, कोट-टाय घातलेला, आणि त्याची डचेस. त्याच्या कोटाच्या खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे होते. कुत्र्याचं लक्ष वर राहावं म्हणून सगळे असं काहीतरी ठेवतात. माझ्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत दूध-भाकरी होती आणि पिशवीला भोक होतं. निळ्या शर्टाकडं कुणाचं लक्षच गेलं नाही, सगळे माझ्या पँटीकडं बघत होते. सरदारनं मात्र जन्मात पहिल्यांदा चिकनचा वास घेतला, धैर्यशीलच्या खिशाशी, आणि माझ्याकडं असं बघितलं की हे तू माझ्यापासून लपवलंस.

परीक्षक बेळगावहून आलेले निवृत्त लष्करी गृहस्थ होते. पांढऱ्या मिशा, काळा चष्मा, चेहऱ्यावर काही नाही. धैर्यशील पळून आला, चांगला पळाला. परीक्षकांनी मला खूण केली. "नंबर थ्री. राउंड प्लीज."

मी पळायला लागलो. चौथ्या पावलाला दोरी ताठ झाली.

मागं बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. सरदार बसला होता. मी "चल बाळा" म्हटलं. तो आडवा झाला. मी वाकून कानात म्हटलं, "सरदार, कुरुंदवाडला जाशील." त्यानं पुढच्या पायांवर हनुवटी ठेवली. लाउडस्पीकरवरनं "तीन नंबर, चला, वेळ होतोय" असं दोनदा झालं. पब्लिकमधनं कुणीतरी म्हणालं, "मालकच दमल्यात वाटतं." आणि मग मी बघितलं, मामा खुर्चीतनं उठले होते आणि शांतपणे दोराची गुंडाळी उलगडायला लागले होते.

तेव्हा कुंपणावरनं आकारामचा आवाज आला. "सायेब, सुरू करा की."

"काय सुरू करू? गाडी बाहेर आहे."

"तोंडानं करा."

मी भाग्यश्रीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, सरदारकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. सोफा मोकळा होईल म्हणणारी हीच. "करा की ओ," ती म्हणाली, "लाज कशाची? इथं कोण वळखतंय तुमाला?"

(चौथ्या रांगेत माझे साहेब बसले होते. सहकुटुंब.)

मी घसा साफ केला आणि हळूच म्हटलं, "डुर्र."

काही झालं नाही. मग आठवलं. किक राहिली होती. मी दोरी मनगटाला गुंडाळली, दोन्ही हातांनी हवेत हँडल धरलं, उजवा पाय उचलला आणि जमिनीवर मारला. "खर्रक." सरदारचा एक कान हलला. दुसरी किक. "खर्रक." त्यानं डोकं वर केलं. मी जीव एकवटून तिसरी किक मारली आणि पोटातनं आवाज काढला, "धडाड धडाड धडाड धडाड."

सरदार उठला.

आणि काय चालला म्हणून सांगू. मान वर, पाठ सपाट, दोरी ढिली. मी हँडल धरून गुडघे जरा वाकवून पळत होतो, कारण तसं केल्याशिवाय आवाज निघत नव्हता. कोपऱ्यावर "पीं पीं" केलं, सरदार वळला. परीक्षकांनी काळा चष्मा काढला. पब्लिकमधनं शिट्ट्या सुरू झाल्या. "नाद खुळा," कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "मालक, गिअर टाका." मी गिअर टाकला. खरंच टाकला, डाव्या पायानं, आणि सरदारनं चाल तेवढीच वाढवली. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता, लग्नातही नाही. (हे भाग्यश्रीनं वाचलंय. तिचंही तेच मत आहे.)

दुसऱ्या फेरीत मला पाठीमागं घुंगरांचा आवाज यायला लागला.

मला वाटलं, पब्लिकपैकी कुणी नाचतंय. मग जमीन हादरायला लागली. मग मानेवर ऊन ऊन श्वास आला. मी तोंडानं आवाज न थांबवता मान वळवली. मागनं चंद्री येत होती, गळ्यात तुटलेला दोर, शिंगाला कुंपणाची फीत आणि चेहऱ्यावर अगदी समाधान. माझा आवाज इतका बरोबर जमला होता.

चार नंबरच्या आणि पाच नंबरच्या कुत्र्यांनी म्हैस इतक्या जवळनं बघितली नसावी. चार नंबर दोरी सोडवून गेला. पाच नंबर मालकासकट गेला. मी थांबू शकत नव्हतो, कारण मी थांबलो तरी चंद्री थांबणार नव्हती. तिला थांबवायला बार काढावा लागतो आणि बार काढायला दम लागतो, तो माझ्याकडं उरला नव्हता. तिसरी फेरी झाली. चौथी झाली. सगळं मैदान आता माझ्याबरोबर धडाड धडाड करत होतं आणि वळणावर शे-दोनशे माणसं पीं पीं म्हणत होती. शेवटी परीक्षकांच्या समोर, डोळ्यांपुढं काजवे चमकत असताना, मी उरलासुरला जीव गालांत गोळा केला आणि सोडला. "फाट्."

आम्ही तिघंही थांबलो. सरदार चारी पाय रोवून, मान वर करून. चंद्री माझ्या पाठीला नाक लावून. मी वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

परीक्षक जवळ आले. सरदारच्या पाठीवरनं हात फिरवला, खांदे बघितले, पाय बघितले. "तीस वर्षं कुत्र्यांची चाल बघतोय," ते म्हणाले, "अशी बघितली नाही." मग त्यांनी संयोगिताला बोलावलं. "नियम काय म्हणतात?"

तिनं पानं उलटली. "सर, बाहेरच्या माणसानं कुत्र्याला मदत केली तर बाद. म्हशीबद्दल काही लिहिलेलं न्हाई. आणि वाहन आत आणू नये असं हाय."

परीक्षकांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "हे वाहन आहे का?"

चौथ्या रांगेतनं माझे साहेब उभे राहिले. "नाही सर. हे आमच्याकडं आवक-जावकला आहेत."

ते चाललं. बढतीसाठी चौदा वर्षांत एकदाही न उघडलेलं त्यांचं तोंड त्या दिवशी उघडलं, मी त्यांचा आभारी आहे.

निकाल लागला तेव्हा रिंगणात तीन कुत्री उरली होती. आमचा नंबर तिसरा आला. चालीला पैकीच्या पैकी होते, पण बक्षिसाच्या वेळी परीक्षक शेवटचं बघायला आले तेव्हा सरदार झोपला होता. बिल्ला त्याच्या गळ्यात झोपेतच बांधला.

मामा आत आले. हातात दोर होता. मी सरदारच्या गळ्यात हात टाकून तिथंच मातीत बसलो. माणसानं रडू नये म्हणतात, पण मी रडलो, सगळ्यांसमोर रडलो. भाग्यश्री शेजारी बसून माझ्या खिशातली भिजकी भाकरी काढून त्याला भरवत होती आणि नाक ओढत होती.

"तिनात तिसरा," मामा म्हणाले. मग दोराची गुंडाळी करत, "पण नंबर तो नंबर. शब्द म्हंजे शब्द. कुत्रं तुमचं." आणि तो नवा पिवळा दोर त्यांनी आकारामला दिला, चंद्रीसाठी. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पावणं, लई दमलासा. मी सोडतो घराकडं."

मी जीपमध्ये बसलो. पुढच्या सीटवर. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दोन आठवड्यांनी पाडवा आला. मामा चंद्रीची पळापळ बघायला मुद्दाम कुरुंदवाडहून आले होते. भाग्यश्री माझं औक्षण करत होती तेवढ्यात आकाराम दारात आला. चंद्री मागं उभी, शिंगं लाल-पिवळी रंगवलेली, पाठीवर झूल. आकारामचा चेहरा मात्र उतरलेला.

"सायेब, गाडीचं इंजिन बसलं. आजच्याच दिवशी. दुसऱ्याच्या गाडीमागं ती जात न्हाई, बगितलं करून." तो खाली बघून बोलत होता. "वरीसभर वाट बगतोय ओ पाडव्याची. तुमचा आवाज ती वळखती."

मी भाग्यश्रीकडं बघितलं. तिनं निरांजन खाली ठेवलं. "जावा की," ती म्हणाली, "त्यानं आपल्या सरदारसाठी तीन आठवडं पेट्रोल जाळलंय." खरंच होतं. माणसानं उपकार विसरू नयेत.

आकारामनं गाडीसाठी आणलेला झेंडूचा हार माझ्या गळ्यात घातला. कमरेच्या पट्ट्याला लिंबू-मिरची बांधली. मी उंबऱ्याबाहेर आलो, हँडल धरलं, आणि तिसऱ्या किकला सुरू झालो. सोफ्यावरनं सरदार उठून डावीकडं आला, चंद्री मागं आली आणि सगळी पेठ रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. मामा धोतराचा सोगा हातात धरून बरोबर पळत होते आणि दिसेल त्याला सांगत होते, "आमचं जावई."

गंगावेशीच्या चौकात हवालदारानं हात केला. मी फाट् करून थांबलो. तो माझ्याभोवती एक फेरी मारून आला. हार बघितला, लिंबू-मिरची बघितली. हसला नाही.

"सायलेन्सर कुठं हाय?"

मी तोंडावर हात ठेवला.

"लायसन दाखवा."

मी उगाच खिसे चाचपले. मागनं मामांचा आवाज आला, "न्हाई ओ त्यांच्याकडं. तीनदा नापास झाल्यात."

"मग चालू करायचं न्हाई," हवालदार म्हणाला, "ढकलत न्या."

मामांनी धोतर खोचलं आणि माझ्या पाठीला दोन्ही हात लावले. सोळा वर्षं त्यांच्या मनात होतं, जावयाकडं एक गाडी असावी. पंचगंगेच्या घाटापर्यंत त्यांनी ती स्वतः ढकलत नेली.